मदत हवी आहे: अपुऱ्या दिवसांचा जन्म, मोठेपणी फुफ्फुसांच्या कोणत्या तपासण्या कराव्यात?

माझा जन्म २७ व्या आठवड्यातला. आधी व्हेंटिलेटर, मग बरेच दिवस ऑक्सिजन. डिस्चार्जच्या कागदावर ‘ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेझिया’ (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा फुफ्फुसांचा दीर्घ आजार) लिहिलंय. आता वय ३१. सिगारेट कधीच ओढली नाही, तरी दोन जिने चढले की बोलताना वाक्य मध्येच तुटतं आणि साधी सर्दीही छातीत उतरते.

डॉक्टर दमा समजून इनहेलर देतात, फरक जेमतेम. स्पायरोमेट्रीत (नळीत जोरात फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफईव्ही१, कमी आली आणि इनहेलरनंतरही फारशी वाढली नाही. जन्माबद्दल कुणी विचारलंच नाही, मीच सांगितलं. फुफ्फुसांची क्षमता विशीत सर्वाधिक असते, पुढे सगळ्यांचीच हळूहळू उतरते. आमच्यापैकी अनेकांची सुरुवातच खालून होते, म्हणून मला आत्तापासून जपायचंय.

इथे माझ्यासारखं कुणी आहे का? डीएलसीओ (फुफ्फुसांतून रक्तात वायू किती नीट जातो याची तपासणी) किंवा सीटी स्कॅन केलात का, आणि त्यामुळे उपचार बदलले का? नियमित व्यायामाने किंवा पल्मनरी रिहॅबने (फुफ्फुसांच्या रुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायाम आणि प्रशिक्षण) धाप कमी झाली? फ्लूची लस दरवर्षी घेता का? छातीचे डॉक्टर कुणी असतील तर प्लीज सांगा, स्पायरोमेट्री किती काळाने पुन्हा करावी?