ईसीयू काढून, उघडून केलेला रिमॅप : गाडीच्या मालकाने त्याला होकार द्यावा का?

माझी तेराशे सीसीच्या मल्टिजेट डिझेल इंजिनाची गाडी २०१४ सालची आहे आणि पुणे ते सावंतवाडी या वाटेवर ती वर्षातून आठ-दहा फेऱ्या करते. चार माणसे आणि सामान घेऊन आंबोलीचा घाट चढताना साधारण दोन हजार आरपीएम गाठेपर्यंत इंजिनात जीवच नसतो, हा अनुभव हे इंजिन असलेल्या बहुतेकांना असेल. त्यावर उपाय म्हणून रिमॅप करून घ्यावा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातला (ईसीयूतला) हवा-डिझेलच्या आकड्यांचा तक्ता (मॅप) बदलून घ्यावा, या विचाराने मी एका गॅरेजात गेलो. तिथे मला सांगण्यात आले की या गाडीत ओबीडी पोर्टमधून (स्कॅनर जोडण्याच्या सॉकेटमधून) नवीन मॅप लिहिता येत नाही; ईसीयू काढावा लागेल, त्याचे झाकण उघडावे लागेल आणि काम दुसऱ्या शहरात होत असल्यामुळे गाडी दोन दिवस जागेवर उभी राहील. मी गाडी परत आणली. माझा निर्णय बरोबर होता असे मला वाटते आणि त्याची कारणे इथे मांडतो. ज्यांना ती पटत नाहीत त्यांनी सविस्तर उत्तर द्यावे.

माझा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप झाकणाला आहे. बॉनेटखाली बसवलेल्या ईसीयूचे ॲल्युमिनियमचे झाकण कारखान्यात चिकट सीलंटची अखंड रेघ ओढून बंद केलेले असते आणि बहुतेक ईसीयूंना हवा आत-बाहेर जाऊ देणारी, पण पाणी अडवणारी एक बारीक पडदी असते. ती का असते हे समजून घेतले तर धोका लक्षात येतो. घाट चढून तापलेल्या ईसीयूवर पावसाचे थंड पाणी पडले की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. पडदी नीट काम करत असेल तर ही हवा तिच्यातून येते, पण सीलमध्ये केसाएवढी फट राहिली असेल तर त्या फटीतून पाणी आत शिरते. झाकण उघडण्यासाठी ते गरम करतात, पात्याने उचकटतात आणि काम झाल्यावर हाताने सिलिकॉन लावून बंद करतात. आंबोलीतला पाऊस आणि कोकणातली खारी हवा यांना तोंड देण्याची कारखान्यातल्या सीलची ताकद हाताने लावलेल्या सिलिकॉनमध्ये येते, हे मला कोणीही दाखवून दिलेले नाही.

दुसरे कारण असे की उत्पादकाने हे दार मुद्दाम बंद केलेले आहे. बॉशच्या ईडीसी १७ आणि एमईडी १७ या मालिकांमध्ये पोर्टमधून होणारे लेखन अडवणारे संरक्षण घातले गेले, म्हणूनच लोक झाकण उघडून थेट बोर्डावरच्या प्रोसेसरशी बोलू लागले. जे काम करण्यासाठी आधी कुलूप तोडावे लागते, त्या कामाला आपण ‘अपग्रेड’ म्हणावे का, असा माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद १ (गाड्यांचे वायरिंग आणि ईसीयूचे काम करणारा, कोल्हापूर)

आपली सावधगिरी योग्य आहे, परंतु तिचा रोख चुकीच्या ठिकाणी आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. ईसीयू काढून टेबलावर केलेले काम हे पोर्टमधून केलेल्या कामापेक्षा अधिक सुरक्षित असू शकते आणि मी स्वतः शक्य असेल तिथे तोच मार्ग निवडतो.

कारण असे आहे. पोर्टमधून काम करताना अनेक ईसीयूंमधून मूळ फाइल वाचताच येत नाही. उपकरण फक्त सॉफ्टवेअरचा क्रमांक विचारते आणि त्या क्रमांकाची फाइल साठ्यातून आणून देते. म्हणजे आपल्या गाडीची मूळ प्रत म्हणून जी हातात येते ती आपल्या गाडीतून निघालेलीच नसते. ईसीयू टेबलावर घेऊन प्रोसेसर बूट मोडमध्ये (थेट मेमरीपर्यंत पोचू देणाऱ्या अवस्थेत) सुरू केला की फ्लॅश आणि ईईप्रॉम या दोन्ही मेमरींची खरी, संपूर्ण प्रत घेता येते. ईईप्रॉममध्ये इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) माहिती असते, अनेक डिझेल गाड्यांत इंजेक्टरांचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचे) क्रमांकही असतात. ती प्रत हाती असेल तर लिहिताना काही चुकले तरी ईसीयू पूर्ववत करता येतो. पोर्टमधून लिहिताना जुनी मेमरी पुसली गेली आणि नवी पूर्ण लिहिली जाण्याआधी गाडीची बॅटरी खाली गेली, रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झाला किंवा कोणी दार उघडून दिवे लावले, तर गाडी जागेवर बसते आणि तेव्हा ईसीयू काढावाच लागतो, तोही घाईत. टेबलावर स्थिर बारा व्होल्टचा पुरवठा असतो आणि मध्ये दुसरे काहीही नसते.

काढण्या-बसवण्याबद्दलही भीती जास्त पसरलेली आहे. चावी बंद करून काही मिनिटे थांबावे, कारण चावी काढल्यानंतरही ईसीयू मुख्य रिलेमार्फत थोडा वेळ जागा असतो आणि शिकलेली मूल्ये जतन करत असतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी, कनेक्टरांचे लिव्हर पूर्ण उघडूनच सॉकेट सरळ बाहेर घ्यावेत. बसवताना उलट क्रम, आणि बॅटरी सर्वांत शेवटी. तोच ईसीयू त्याच गाडीत परत जात असल्यामुळे चावी पुन्हा जोडावी लागत नाही. ती वेळ दुसरा ईसीयू बसवताना येते. मी पाहिलेल्या बिघडलेल्या कामांमध्ये बहुतेक वेळा सॉकेट तिरपा ओढून पिन वाकवलेली होती किंवा अर्थची तार सैल राहिलेली होती. मॅपमुळे झालेले बिघाड त्या मानाने कमी होते.

झाकणाबद्दल एवढेच म्हणतो की आता अनेक ईसीयू न उघडता, केवळ बाहेरच्या कनेक्टरच्या पिनांवरून वाचता येतात. आपल्या गॅरेजने उघडण्याचाच आग्रह धरला असेल, तर त्यांच्याकडे कोणते उपकरण आहे हे आधी विचारायला हवे होते. आणि काम कुरिअरने दुसऱ्या गावी पाठवण्याच्या पद्धतीला माझाही विरोध आहे. बसवणारा आणि मॅप लिहिणारा एकमेकांना भेटतच नाहीत, मग गाडी रस्त्यावर चालवून नोंदी कोण तपासणार?

प्रतिसाद २ (गाडीमालक, रत्नागिरी)

कोल्हापूरच्या बंधूंनी सांगितलेली पद्धत पाळली जात असेल तर त्यांच्या गिऱ्हाइकांचे नशीब चांगले आहे. माझ्या बाबतीत ती पाळली गेली नाही. ईसीयू उघडून रिमॅप केला, उन्हाळाभर गाडी उत्तम चालली आणि पहिल्याच पावसाळ्यात ती चालता चालता बंद पडू लागली. स्कॅनरवर कधी रेल प्रेशरच्या सेन्सरचा दोष दिसे, कधी कॅमशाफ्टच्या, तर कधी काहीच नाही. दोन सेन्सर बदलून झाल्यावर ईसीयू उघडून पाहिला, तेव्हा बोर्डाच्या एका कोपऱ्यात हिरवट थर चढलेला होता आणि झाकणाच्या त्याच बाजूला सिलिकॉनची रेघ तुटलेली होती. माझ्या गाडीत ईसीयू वायपरखालच्या पन्हाळीजवळ बसतो. तिथली पाण्याची वाट पाल्यापाचोळ्याने तुंबली की पाणी साचते, हे मला नंतर कळले. काम करणाऱ्याने ना मूळ फाइल दिली, ना ईसीयू उघडला होता असे कागदावर लिहून दिले. मी मूळ लेखकाच्या बाजूने आहे.

प्रतिसाद ३ (वाहन क्षेत्रातील अभियंता, चाकण)

वरील चर्चा झाकणाभोवती फिरते आहे, पण झाकणाच्या आत काय लिहिले जाते यावर कोणीही बोललेले नाही. मला दोन्ही बाजूंशी असहमती नोंदवायची आहे.

रिमॅपच्या बाजूने नेहमी असे सांगितले जाते की कंपनी एकच इंजिन दोन ताकदींमध्ये विकते, म्हणजे उरलेली ताकद सॉफ्टवेअरने दडवलेली असते. रांजणगावला तयार होत असलेल्या याच तेराशे सीसीच्या जुन्या इंजिनाचे उदाहरण घ्या. ७५ पीएसच्या (अश्वशक्तीच्या) रूपात ते १९० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत असे आणि ९० पीएसच्या रूपात सुमारे २०० न्यूटन मीटर. परंतु ९० पीएसच्या इंजिनाला पात्यांचा कोन बदलणारा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) होता आणि ७५ पीएसच्या इंजिनाला स्थिर भूमितीचा. हा फरक धातूचा आहे, फाइल बदलून तो भरून निघत नाही. धागालेखकांची तक्रार दोन हजार आरपीएमच्या खालची आहे. तिथे टर्बो पुरेसा दाब तयारच करू शकत नसेल, तर मॅपमधला बूस्टचा (टर्बोच्या हवेच्या दाबाचा) आकडा वाढवून हवा येत नाही. वाढते ते फक्त डिझेल, आणि हवेशिवाय वाढलेले डिझेल काळा धूर म्हणून मागच्या गाडीच्या काचेवर जाते. मूळ मॅपमध्ये हवेच्या प्रमाणात डिझेल रोखणारी धूरमर्यादा असते. स्वस्त रिमॅपमध्ये सर्वांत आधी तीच सैल केली जाते. वरच्या आरपीएमवर गाडी नक्कीच पळेल, पण आंबोलीच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये जी उणीव जाणवते ती फारशी भरून निघणार नाही.

सॉफ्टवेअर बदलणे ही किरकोळ गोष्ट नाही, हे २०१५ साली जगाने पाहिले. फोक्सवॅगनच्या ईए १८९ डिझेल इंजिनांमध्ये उत्सर्जनाची चाचणी ओळखून वागणे बदलणारे सॉफ्टवेअर सापडले आणि भारतातही सुमारे ३ लाख २३ हजार गाड्यांवर नवीन सॉफ्टवेअर चढवण्यासाठी कंपनीला त्या परत बोलवाव्या लागल्या. युरोपात १.६ लिटरच्या इंजिनाला तर सॉफ्टवेअरसोबत हवेच्या सेन्सरपुढे जाळीची एक नळीही बसवावी लागली. मॅपमधले आकडे बदलले की धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइड वायूंचे प्रमाण बदलते. आपल्याकडची पीयूसी चाचणी डिझेल गाडीच्या धुराची दाटी मोजते, हे वायू मोजत नाही. म्हणून पीयूसी मिळाले याचा अर्थ गाडी स्वच्छ आहे असा होत नाही.

कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि नोंदणीच्या अर्जात अश्वशक्तीचा रकाना आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. जबाबदारी मालकावर येते.

प्रतिसाद १ चे उत्तर

धूरमर्यादेबद्दल आपण म्हणता ते खरे आहे आणि त्याबद्दल आमच्या धंद्यातल्या अनेकांना दोष द्यायला हवा. ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी झडप) बंद करणे, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) पोकळ करणे ही कामे मी करत नाही आणि ती करून घ्यायला येणाऱ्यांना परत पाठवतो. परंतु जपून केलेल्या रिमॅपमध्ये धूरमर्यादा जागेवर ठेवून टॉर्कची मर्यादा, ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद आणि दोन ते तीन हजार आरपीएममधला बूस्ट सुधारता येतो, आणि घाटात गिअर बदलल्यावर इंजिन याच टप्प्यात येते. त्यामुळे फरक पडणारच नाही हे मला मान्य नाही. कायद्याचा मुद्दा मी गिऱ्हाइकाला सांगत नव्हतो. यापुढे काम हाती घेण्याआधी सांगेन.

रत्नागिरीच्या गृहस्थांना एक सांगावेसे वाटते. झाकण बंद करण्याआधी दोन्ही काठांवरचे जुने सीलंट पूर्ण खरवडून काढावे लागते, तसे केले नाही तर नवा थर जुन्यावर धरत नाही. आपल्या ईसीयूचे बहुधा तेच झाले असावे.

धागालेखक

सर्वांचे मनापासून आभार. पोर्टमधून काढलेली ‘मूळ’ प्रत आपल्या गाडीची नसू शकते, हे मला माहीत नव्हते आणि त्या एका मुद्द्यावर माझे मत बदलले आहे: रिमॅप करायचाच असेल तर ईसीयू न उघडता, टेबलावर, पूर्ण प्रत घेऊन आणि मालकाच्या समोर केलेला रिमॅप पोर्टच्या रिमॅपपेक्षा बरा. झाकण उघडण्यास माझा विरोध मात्र कायम आहे आणि रत्नागिरीच्या अनुभवाने तो अधिक पक्का झाला आहे.

चाकणच्या अभियंत्यांनी मांडलेला टर्बोचा मुद्दा मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा वाटला. मी उणीव सॉफ्टवेअरमध्ये शोधत होतो आणि दहा वर्षांहून जुन्या गाडीचे इंटरकुलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचे) पाइप कधी तपासलेही नव्हते. कोल्हापूरच्या बंधूंना विचारतो : सध्याच्या मॅपवर घाट चढताना मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळणारा बूस्ट यांची नोंद स्कॅनरवर घ्यायची असेल, तर कोणत्या गिअरमध्ये आणि किती आरपीएमपासून घ्यावी?

प्रतिसाद १ चे उत्तर

तिसऱ्या गिअरमध्ये, पंधराशेपासून साडेतीन हजारांपर्यंत, पॅडल पूर्ण दाबून, रिकाम्या रस्त्यावर आणि शेजारी स्कॅनर सांभाळायला दुसरा माणूस बसवून. चढ असेल तर उत्तम. सोबत हवेच्या सेन्सरचे वाचनही नोंदवा. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट यांत सतत तफावत दिसली, तर आधी पाइपांना साबणाचे पाणी लावून गळती शोधा आणि टर्बोचा ॲक्च्युएटर (त्याचा दाब नियंत्रित करणारा भाग) तपासा. ती गळती सापडली, तर माझ्याकडे येण्याची गरज पडणार नाही.