प्रति: ७ फुटी स्पिनिंग रॉडला किती गाईड?

मासेमारीच्या ७ फुटी स्पिनिंग रॉडला ५ गाईड (दोरी ओवायच्या, रॉडवर बसवलेल्या कड्या) पुरतील असं वर एकाने म्हटलंय, त्याबद्दल. अशा रॉडला टोकाची रिंग सोडून ७ तरी हवेतच. कमी पडले की रॉड वाकल्यावर दोन गाईडमधली दोरी सरळ ताणली जाते आणि सगळा जोर एकाच जागी येतो.

जागा ठरवायला गाईड आधी चिकटपट्टीने लावा, दोरी ओवून टोकाला वजन बांधा आणि रॉड वाकवा. दोरी जिथे वाकाला धरून न जाता कोन करते, तिथे गाईड सरकवा किंवा एक वाढवा. रिळाजवळचा पहिला गाईड मोठा, उंच आणि दोन पायांचा (पाय म्हणजे रॉडवर बांधायची पट्टी) घ्या. टोकाकडे एका पायाचे हलके. तिथलं जास्तीचं वजन रॉडला सुस्त करतं. मात्र लीडरची (मुख्य दोरीच्या टोकाला जोडलेल्या वेगळ्या दोरीची) गाठ सर्वात लहान रिंगमधून अलगद गेली पाहिजे, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

ब्रेडेड (विणलेली) दोरी असेल तर सिलिकॉन कार्बाइड किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची रिंग बघा. जुन्या रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले तर तडा आहे, गाईड बदलाच.

आणि गाईड दोऱ्याने रॉडला बांधण्याआधी त्याच्या पायाचं टोक कानशीने निमुळतं करा. जाड राहिलं तर दोरा चढताना फट पडते आणि धार रॉडमध्ये रुतते.