चेंडू वर फेकला तर जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) अधिक घ्यायचा की उणे?

प्रश्न:
२५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सरळ वर फेकला, वेग २० मीटर/सेकंद. जमिनीवर पडायला किती वेळ? जी = १० धरून २५ = २०टी + ५टी² मांडलं, तर टी = १ सेकंद आलं. पुस्तकात ५ सेकंद आहे. वर जाताना जी उणे, खाली येताना अधिक, असे दोन भाग करायला हवे होते का?

उत्तर १:
दोन भाग नकोत. अधिक दिशा एकदाच ठरते. चेंडू वळला म्हणून चिन्हं बदलत नाहीत. आरंभबिंदू गच्चीवर, वरची दिशा अधिक धरा. मग वेग +२०, त्वरण −१०, आणि चेंडू शेवटी आरंभबिंदूच्या खाली पोचतो म्हणून विस्थापन −२५.
−२५ = २०टी − ५टी²
टी² − ४टी − ५ = ०, म्हणून टी = ५ किंवा −१. चेंडू फेकल्यानंतरचा वेळ हवा, म्हणून ५.
खालची दिशा अधिक धरली तर तिन्ही चिन्हं उलटतात, समीकरण तेच राहतं. तुम्ही वेग आणि त्वरण दोन्ही अधिक घेतलेत, म्हणजे चेंडू खाली फेकलात. त्या गणिताचं उत्तर खरंच १ सेकंद आहे!

प्रश्नकर्ता:
समजलं. पण त्वरण उणे म्हणजे वस्तू मंदावते ना?

उत्तर २:
नाही, आणि बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. वेग आणि त्वरण यांची चिन्हं विरुद्ध असतील तरच वस्तू मंदावते. तुमचा चेंडू २ सेकंदांनी सर्वांत वर पोचतो. तिथे वेग शून्य, त्वरण मात्र −१०च. पुढे दोन्ही उणे, म्हणून चाल वाढत जाते; जमिनीवर वेग २० − ५० = −३०.

उत्तर ३:
कप्पीच्या गणितात हीच चूक जास्त महागात पडते. हलक्या कप्पीवरून दोरी, टोकांना ३ आणि २ किलो. दोन्हींसाठी वरची दिशा अधिक धरून टी − ३० = ३ए, टी − २० = २ए लिहिलं (इथे टी म्हणजे दोरीतला ताण, ए म्हणजे त्वरण), तर ए = −१० आणि ताण शून्य येतो. दोन्ही वजनं मोकळी पडताहेत, जणू दोरीच नाही! एक वर जातं तेव्हा दुसरं खाली येतं, म्हणून दुसऱ्यात ए ऐवजी −ए हवं. किंवा दोरी सरकते तीच दिशा अधिक धरा: ३० − टी = ३ए, टी − २० = २ए. ए = २, ताण २४ न्यूटन. ए उणे आला तर घाबरू नका, दोरी उलट्या बाजूला सरकते आहे इतकंच. चिन्ह खोडून अधिक मात्र करू नका.