ईपीएस-९५ ची (पीएफवाल्या कर्मचाऱ्यांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेची) पेन्शन एवढी कमी कशी?

बाबांनी भांडुपच्या कारखान्यात २८ वर्षं काढली, २०१६ ला रिटायर, आणि पेन्शन येते जेमतेम अडीच हजार. दर महिन्याला पासबुक भरून आणतात आणि आकड्यावर बोट ठेवून बघत बसतात, बघवत नाही हो. हिशोबात चूक असेल का?

— चूक नसावी दादा. मालक पीएफसाठी पगाराच्या १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्केच पेन्शनला जातात, तेही सरकारने ठरवलेल्या मर्यादेतल्या पगारावर. २०१४ ला मर्यादा १५,००० झाली, त्याआधी ६,५०० होती आणि बाबांची बरीचशी नोकरी त्यातच गेली. तरी सर्व्हिसची वर्षं बरोबर धरलीत का ते पीएफ ऑफिसात बघाच.

— या पेन्शनवर महागाई भत्ता नाही, हा खरा अन्याय! नुसती पगाराची मर्यादा वाढवून आधीच रिटायर झालेल्यांना काय मिळणार, आधी पेन्शन महागाईला जोडा.

— खूप आभार, सोमवारी बाबांना घेऊन जातो.