मदत हवी आहे: जुनी होबी १६ घ्यायची आहे, दोन होड्यांमध्ये अडकले आहे (ह्यूस्टन-गॅल्व्हस्टन)

नमस्कार मंडळी,

इथे शिडाच्या होड्या चालवणारं कुणी असेल तर सल्ला हवा आहे. होबी १६ म्हणजे कॅटामरान, दोन हल (पाण्यावर तरंगणारी लांबट धडं) जोडून केलेली शिडाची होडी. चोवीस वर्षांनी पुन्हा सुरुवात करते आहे आणि शनिवारपर्यंत विकणाऱ्याला हो की नाही ते कळवायचं आहे.

कॉलेजात एन.सी.सी.च्या नौदल विभागात होते. तिथे एंटरप्राइजवर शिकले. निळ्या शिडांची, सव्वातेरा फुटी, दोघांनी चालवायची होडी. नंतर नोकरी, लग्न, अमेरिका यात सगळं सुटलं. मागच्या मे महिन्यात मालवणला आजोळी गेलो होतो. मामाने लेकीला उलांडीच्या (तोल राहावा म्हणून बाजूला लाकडी ओंडका बांधलेल्या) होडीतून फिरवून आणलं, आणि तेव्हापासून "आई, तुला येतं ना, मग मला शिकव" हे रोजचं झालं आहे. ती चौदा वर्षांची आहे. अजून दोन-तीन वर्षांनी तिला माझ्याबरोबर यायला वेळ असेल का, सांगता येत नाही. म्हणून याच उन्हाळ्यात होडी हवी आहे.

कॅटामरानच का, तर गॅल्व्हस्टन बे फार उथळ आहे आणि तळाशी जागोजागी कालवांचे खडक आहेत. खाली सेंटरबोर्ड (आडवं घसरू नये म्हणून तळातून पाण्यात सोडलेली फळी) लोंबत असलेली होडी तिथे सारखी अडकणार. होबी १६ ला सेंटरबोर्ड नसतोच. तिचे दोन्ही हल केळ्यासारखे वाकलेले असतात आणि त्यांची आतली बाजू नि बाहेरची बाजू सारखी नसते, त्यामुळेच ती वाऱ्याने आडवी घसरत नाही. वाळूवरून ढकलत पाण्यात नेता येते, मरीनात जागा घ्यावी लागत नाही. पन्नासेक वर्षं ती बनते आहे, त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात. बजेट सगळं धरून २,५०० डॉलर. शिवाय आमच्या सोसायटीत ट्रेलर दारात ठेवू देत नाहीत, त्यामुळे दर महिन्याला स्टोरेजचं भाडं आहेच.

आता त्या दोन होड्या.

पहिली १९८१ ची, ९०० डॉलर, ट्रेलरसकट. शिडं छान, कागद स्वच्छ. पण दोन्ही हल जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या पुढे, डाव्या हलच्या वरच्या अंगाला मी अंगठ्याने दाबलं तर पृष्ठभाग आत गेला आणि बोट काढल्यावर टक् करून वर आला. मग बोटाच्या पेराने ठोकत पुढे गेले. आई मडकं घेताना टिचकी मारून बघायची तसंच. बाकी सगळीकडे ठक-ठक असा कडक आवाज, आणि तेवढ्या भागात भद्द. तो भाग चांगला हातभर लांब निघाला. या हलमध्ये मधे फोम आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लासचे पातळ थर असतात. थर फोमपासून सुटला की हलची ताकद जाते, एवढं मला कळतं. विकणारे म्हणतात, बारीक भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी सोडा, झालं काम. हे कुणी स्वतः केलं आहे का? तळहाताएवढा भाग असता तर मी घाबरले नसते. पण सगळा जोर जिथे येतो त्या दांड्याच्या लगत एवढा मोठा भाग सुटलेला आहे. तो पंधरा-अठरा नॉट वाऱ्यात टिकेल का? दुपारी इथे आग्नेयेकडून खारा वारा लागला की तेवढा सहज होतो.

दुसरी १,८०० डॉलरला. दोन्ही हल ठणठणीत, सगळीकडे ठोकून पाहिले. मात्र ट्रॅम्पोलिनची (दोन हलांच्या मधे बसायला ताणलेल्या कापडाची) शिवण उन्हाने इतकी कुजली आहे की नुसती ओढली तर उसवली. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या वायरींपैकी एकीची तार तुटून माझ्या बोटात घुसली. वायरी मी तशाही नव्याच घालणार. एक वायर तुटली तर सव्वीस फुटांची डोलकाठी अंगावर येते, आणि खाली लेक बसलेली असणार. हा खर्च मला मान्य आहे. खरी अडचण कागदांची. विकणाऱ्यांकडे टायटल (मालकीचा सरकारी दाखला) नाही, "हरवलं" म्हणतात. टेक्सासमध्ये चौदा फूट किंवा त्याहून लांब शिडाच्या होडीला टायटल आणि नोंदणी लागतेच. त्यांच्या नावावर दुसरी प्रत निघेपर्यंत पैसे देऊ नयेत असं मला वाटतं. की मी उगाच ताणते आहे?

शेवटची काळजी वजनाची, आणि मनात सगळ्यात जास्त तीच घोळते आहे. मी ६१ किलो, लेक ४३. होबी १६ स्वतः १४५ किलोंची. ती उलटली तर हलवर उभं राहून, दोराला मागे लटकून उभी करायची असते, आणि त्यासाठी १३० किलोंच्या आसपास वजन लागतं असं ऐकते आहे. आम्ही दोघी मिळून १०४. पाणी भरून पाठीमागे टांगायची पिशवी मिळते, ती खरंच पुरते का? लाटांमध्ये, दमलेल्या हातांनी ती भरता येते का? की सरळ होबी वेव्ह शोधावी? ती तेरा फुटी, प्लास्टिकच्या हलची, शिवाय नोंदणीची कटकट नाही. पण आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्या वेव्ह माझ्या बजेटबाहेर होत्या.

आणखी एक. एंटरप्राइज वाऱ्यातून पटकन वळायची. होबी वळता वळता मधेच अडते, तेव्हा जिब (पुढचं लहान शीड) थोडा वेळ उलट्या बाजूला धरून ठेवायचा असतो असं वाचलं. मोनोहलवरून (एकाच हलच्या होडीवरून) आलेल्यांना ही सवय लागायला किती दिवस गेले?

भर: हलमध्ये पाणी शिरतं का, असं प्रतिसादात विचारलंय म्हणून सांगते. दुसऱ्या होडीची मागची बुचं काढून ती तिरकी करून पाहिली. दोन्ही हलमधून थेंबही आला नाही. सुकाण्यांचे कास्टिंग (सुकाणू धरणारे धातूचे ओतीव भाग) हलवून पाहायचं मात्र राहिलं, ते शनिवारी बघते. सकाळी नऊला जाणार आहे. क्लिअर लेकच्या बाजूला राहणारं, जुनी होबी पारखता येणारं कुणी सोबत येऊ शकत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.