इंदूर नक्की संपतं कुठे?

रामबागची_आई:
मंडळी, प्रश्न जरा खुळा आहे. मुलाने बायपासच्या पलीकडे, कनाडियाच्याही पुढे रो हाउस पाहिलंय. जाहिरातीत ठळक अक्षरात 'इंदूर'. शनिवारी आम्ही तिघं बघून आलो. घर छान आहे, ओटा माझ्या उंचीचा, मागे तुळशीपुरती जागा. मी आपलं सवयीने विचारलं, कचऱ्याची गाडी कितीला येते? दाखवणारा मुलगा गप्प! शेवटी शेजारच्या बाईंनी कोपऱ्यावरचा कडुलिंब दाखवला. म्हणाल्या, गाडी गाणं वाजवत तिथवर येते आणि वळते. झाडाच्या अलीकडे निगम, म्हणजे महापालिका, पलीकडे पंचायत. पाणी बोरिंगचं, उन्हाळ्यात टँकर.

माझं आयुष्य रामबागेत गेलं. सकाळी ते गाणं ऐकू आलं नाही तर चुकल्यासारखं होतं. मुलगा म्हणतो, "आई, दोन वर्षांत निगमात येईल सगळं." येतं का हो? आणि कागदावर हे कुठे बघायचं?

कागदवाला:
ताई, रजिस्ट्रीचे कागद करणं हाच माझा धंदा. 'टाउन अँड कंट्री प्लॅनिंगचा नकाशा पास आहे' ऐकलं की लोक निर्धास्त होतात. पण त्या खात्याचं निवेश क्षेत्र, म्हणजे नियोजनाची हद्द, निगमाच्या हद्दीपेक्षा बरंच मोठं आहे. म्हणजे नकाशा इंदूरच्या मास्टर प्लॅनमधला आणि दिवाबत्ती पंचायतीची, असं होऊ शकतं. बिल्डर खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो.

रजिस्ट्रीत गावाचं नाव दिसलं म्हणून घाबरू नका, ते महसुलाचं. निगमात आलेल्या गावांचंही ते राहतं. वीज मीटरवरूनही काही कळत नाही, वीज कंपनी दोन्हीकडे तीच. शेजाऱ्यांची कराची पावती मागा. ती निगमाची की पंचायतीची, तिथे निकाल. डायवर्शन, म्हणजे शेतजमीन बिनशेती झाल्याचा कागद, आणि कॉलोनीचं काम पूर्ण झाल्याचा दाखला हेही बघून घ्या.

निपानियाकर:
येतं, पण आपल्या सोयीने नाही. आमचं निपानिया 2014 मध्ये आत आलं. एकूण 29 गावं घेतली, वार्ड 69 चे 85 झाले. आमच्याकडे आधी आली कराची नोटीस, मग कचरागाडी, मग खांबावर दिवे. नर्मदेचं पाणी सगळ्यात शेवटी. नदीकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर पाणी चढवत आणायचं, टोकाच्या कॉलोन्यांची पाळी उशिरा येणारच. नळाला पहिल्यांदा धार लागली तेव्हा आईने बादलीला हळदकुंकू लावलं होतं. हसू नका.

नाक्यावरचा:
महू नाका बघा. नाव नाका, बसलाय शहराच्या पोटात. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस साहेबाने 1918 मध्ये होळकर दरबाराला आराखडा करून दिला, त्याला खजराना शहरात आलेलं दाखवलं असतं तर चक्कर आली असती. आमचा भाचा पीथमपुरात कंपनीत आहे. जिल्हा धार, पण लग्नाच्या बायोडेटात 'नोकरी: इंदूर'. मुलीकडच्यांनीही हरकत घेतली नाही.

रामबागची_आई:
सगळ्यांचे आभार. काल परत गेलो होतो. शेजारच्या बाईंनी पावती दाखवली, पंचायतीचीच निघाली. बिल्डरच्या माणसाला विचारलं, निगमात येण्याचं काही पत्र आहे का, तर म्हणे, "आंटी, प्रोसेसमध्ये आहे." कसली प्रोसेस, ते त्यालाही माहीत नसावं. सुनेने तिथेच उभ्याउभ्या दहा वर्षांच्या टँकरचा हिशोब मांडला आणि तेवढी किंमत कमी करा म्हणाली. आता तो माणूस फोन करणार आहे. मुलगा मात्र घर घेणारच, दिसतंय मला.

मी दारापासून कडुलिंबापर्यंत पावलं मोजली. 140 भरली. ओला-सुका दोन डबे घेऊन, मध्ये एकदा थांबून, जमेल.