कच्च्या रबरशीटवर झिंक स्टिअरेटऐवजी कॅल्शियम स्टिअरेट चालेल का?

प्रेसशॉप_रबाळे
एनबीआर आणि ईपीडीएम या कृत्रिम रबरांच्या कच्च्या शीट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आम्ही हाताने झिंक स्टिअरेटची पावडर मारतो. प्रेस १५० अंश सेल्सिअसवर. काही गॅस्केट घडीच्या जागी उकलतात, काहींवर नंतर पांढरट थर येतो. पुरवठादार म्हणतो कॅल्शियम घ्या, स्वस्त पडेल. बदलू का?

मिक्सिंग_वागळे
या कारणासाठी तरी बदलू नका. झिंक स्टिअरेट १२०-१३० अंशांना वितळतं, त्यामुळे प्रेसमध्ये ते रबरात जिरतं आणि दोन थर एकजीव होतात. कॅल्शियमचं वितळणंच १५०च्या आसपास सुरू होतं. घडीत पावडर तशीच राहिली, तर उकलणं वाढेल.

मला दोष मात्रेचा वाटतो. झिंक स्टिअरेट म्हणजे झिंक आणि स्टिअरिक ॲसिडचा साबण. रबरात हा साबण थोडाच जिरतो, एनबीआरमध्ये तर आणखी कमी. शिवाय कंपाउंडमधलं झिंक ऑक्साइड आणि स्टिअरिक ॲसिड मिळून आतही झिंकचा साबण बनतच असतो. वरून मुठीने मारलेली पावडर जिरायला जागाच उरत नाही. तीच पांढरी होऊन बाहेर येते.

डिप टँक करा, म्हणजे पावडर कालवलेल्या पाण्यात शीट बुडवायची टाकी. १०० लिटर पाण्याला ३ ते ५ किलो. पावडर थेट ओतलीत तर नुसती तरंगेल. आधी थोड्या पाण्यात नॉन-आयॉनिक वेटिंग एजंट (पावडर पाण्यात भिजवणारं द्रव्य) घाला, त्यात पावडर मळून गुठळ्या मोडा, मग ढवळत ढवळत बाकीचं पाणी. स्टरर सतत चालू हवा, नाहीतर वरची शीट आणि खालची शीट वेगळी निघेल. पंख्याखाली पूर्ण वाळवूनच रचा. पावसाळ्यात आपल्याकडे वाळायला फार वेळ लागतो. ओली रचली की अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन मालात फोड येतात.

क्यूसी_तुर्भे
माल बदलण्याआधी आहे तो तपासा. २ ग्रॅम पावडर क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात) घ्या, आधी मंद आचेवर धूर संपेपर्यंत जाळा, मग मफल फर्नेसमध्ये (बंद विजेच्या भट्टीत) ८०० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत. राख ०.२६ ते ०.२८ ग्रॅम यायला हवी. फर्नेसमधून काढताना ती पिवळी दिसते आणि थंड होताना डोळ्यांदेखत पांढरी होते. झिंक ऑक्साइडची ती खूण. राख जास्त भरली आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गाळ उरला, तर टाल्कची (शंखजिऱ्याची) भेसळ धरा. टाल्क प्रेसमध्ये वितळत नाही, म्हणजे घडी उकलणारच.

प्रेसिपिटेटेड माल (पाण्यात साका पाडून बनवलेला) नीट धुतलेला नसेल तर त्यात सोडियमचं सल्फेट राहतं. पावडर अल्कोहोलने भिजवून गरम पाण्यात हलवा, गाळा, गाळलेल्या पाण्यात थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि बेरियम क्लोराइड टाका. दाट पांढरं झालं तर तो माल पाण्याच्या सीलसाठी नको. क्षार ओल धरतात. फ्यूजन पद्धतीच्या (वितळवून बनवलेल्या) मालात ही कटकट नसते, पण दाणा जड असतो.

प्रेसशॉप_रबाळे
आभार. काही पार्टमध्ये लोखंडी इन्सर्ट (रबराला चिकटवलेले धातूचे तुकडे) आहेत. डिप केलेली शीट तिथे चालेल?

मिक्सिंग_वागळे
बाँडिंगच्या बाजूला अजिबात नको. हाच साबण साच्यातून माल सुटावा म्हणूनही वापरतात, तो ॲडहेसिव्हवर लागला की रबर धातू सोडणारच. त्या पार्टसाठी शीटमध्ये पॉलिथिन घाला आणि ब्लँक (साच्यात घालायचे रबराचे तुकडे) ताजे कापा. इन्सर्टची खोली पावडर मारण्याच्या जागेपासून वेगळी ठेवा.

क्यूसी_तुर्भे
तोवर हाताने मारणं चालू असेल तर सांडलेली पावडर कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. हवेत तरंगणारी ही धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेटते. साधा व्हॅक्युमही नको, त्याची मोटर ठिणगी टाकते; ज्वालाग्राही धुळीसाठी बनवलेला, अर्थिंग असलेला घ्या. हीटरच्या वायरिंगवर बसलेला थर रोज पुसा, आणि माणसांना मास्क द्या.